मी एकदाच असहमत झालो

ही गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. मीच सांगितली आहे — सभांमध्ये, प्रशिक्षणांत, एकदा वर्तमानपत्रातही. पण जशी घडली तशी ती मी आजवर कोणाच्याच कानावर घातलेली नाही. बायकोच्याही नाही. आज लिहायला बसलो आहे खरा, पण मघापासून पंखा कमीजास्त करायला उठलो, मग पाणी प्यायला, मग गॅलरीत जाऊन उगाच रस्ता बघून आलो. म्हणजे अजूनही टाळतोच आहे. बसतो आता.

आधी जी सांगत आलो तीच सांगतो. ती ऐकायला बरी आहे.

जबलपुरात, विजय नगरमध्ये, कुंदाताई नावाच्या बाई आपल्या घरात पाळणाघर चालवत होत्या. इकडे त्याला झूलाघर म्हणतात. नोकरी करणाऱ्या आया सकाळी लेकरं सोडून जायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. कुठे पाटी नाही, जाहिरात नाही, सगळं ओळखीपाळखीवर चाललेलं. मग सरकारी नियम आला — अशा प्रत्येक जागेची नोंदणी हवी. नियम वाईट नव्हता. लेकरांचा मामला, कोणीतरी बघायलाच हवं. पण अर्ज तपासायला आमच्या खात्यानं एआयवर चालणारी संगणक प्रणाली आणली. ती अर्ज वाचायची, जागेचे फोटो बघायची, जुन्या तक्रारी चाळायची आणि मत द्यायची. हिरवं म्हणजे मंजूर, लाल म्हणजे नामंजूर. कुंदाताईंचा अर्ज नामंजूर झाला. जिन्यावरून मूल पडण्याचा धोका, असं कारण आलं. त्यांचं म्हणणं कोणी ऐकलं नाही, त्यांच्या घरी जाऊन कोणी जिना बघितला नाही. इतक्या वर्षांचं पाळणाघर यंत्राच्या एका शब्दावर बंद पडलं.

इथे मी नेहमी थोडा थांबतो. मग मी म्हणतो — माणसाला नाही म्हणायचा अधिकार फक्त माणसाला असावा, तोही समोरच्याचं ऐकून घेतल्यावर. लोक टाळ्या वाजवतात. त्या वाक्यावर मी आजही सही करीन. फक्त ते कुंदाताईंच्या गोष्टीवरून म्हणायचा मला काडीचाही हक्क नाही.

कुंदाताई माझ्या कोण, हे सभेत सांगत नाही. जबलपुरातल्याच गोरखपूर भागात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून होती. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. पाटीवर अक्षरं त्यांनी गिरवून घेतली, सायकल त्यांनी शिकवली, माझ्या लग्नात करवलीसारख्या मिरवल्या. पुढे आम्ही दोघंही नोकरीला, तेव्हा माझी लेक मुक्ता त्यांच्याच पाळणाघरात वाढली. तिचं पहिलं मराठी बोलणं तिथलं. आमच्या घरात पोरं हिंदीत उत्तरं देतात हो, आम्ही मराठीत विचारतो, ती हिंदीत सांगतात. पण मुक्ता आजही चिडली की ‘का’ न म्हणता कुंदाताईंसारखी ‘काहून’ म्हणते.

जबलपुरातली आपली मराठी घरं हाताच्या बोटांवर नसली तरी एकमेकांना ओळखण्याइतकी आहेत. गणपतीत, हळदीकुंकवात, कोणाच्या बारशात तीच तोंडं. आणि त्यातला एखादा सरकारी खुर्चीवर बसला की तो सगळ्यांचा होतो. ‘आपला विनू आहे न तिथं.’ या वाक्याचा मला आधी अभिमान वाटायचा. मग त्याचा जाच व्हायला लागला. कोणाचं नळाचं काम, कोणाच्या भाच्याची बदली — माझ्या खात्याशी संबंध असो नसो, फोन मला. मी ‘बघतो’ म्हणायचो आणि मनात चडफडायचो.

नोंदणीचा नियम आला तेव्हा त्या खुर्चीवर मीच होतो. शेवटची सही माझी.

सभेत मी हे कसं काय गाळतो? सोपं आहे. ‘आमच्या खात्यात’ म्हणतो. खातं म्हटलं की माणूस दिसत नाही.

तर खरी रीत अशी होती. प्रणाली मत द्यायची, पण आदेश नाही. माझ्यासमोर पडद्यावर तिचं मत यायचं, त्याची कारणं यायची आणि खाली दोन बटणं — सहमत आणि असहमत. सहमत दाबलं की काम संपलं. असहमत दाबलं की आपली कारणं आपण लिहायची, आणि नाही म्हणणार असू तर अर्जदाराला आधी बोलावून ऐकून घ्यायचं. म्हणजे यंत्र केवळ सल्लागार, निर्णय माणसाचा. कागदावर किती छान! प्रत्यक्षात आम्ही सगळे सहमत दाबत सुटलो होतो. बरगीकडच्या एका बाईनं अंगणातल्या झूलाघराचे फोटो दिवे गेलेले असताना काढले. प्रणालीला खोली अंधारी दिसली, तिनं लाल केलं आणि मी चहा पिता पिता सहमत झालो. तेव्हा मला माणुसकीचा उमाळा आला नाही.

त्या खुर्चीवर होतो तोवर मी असहमत एकदाच झालो.

आता कळलं असेल तुम्हाला. पण मला ते म्हणू द्या. इतकी वर्षं घशात अडकलं आहे, तुम्ही ओळखलंत म्हणून सुटका नको.

कुंदाताईंच्या अर्जावर प्रणालीनं हिरवं दिलं होतं. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे, त्याला कडी आहे, कडी मुलांच्या हाताच्या वर आहे — सगळं तिनं फोटोत बरोबर टिपलं होतं. वर एक सूचना जोडली होती की कठडा थोडा उंच करून घ्यावा, त्यासाठी मुदत द्यावी. तक्रार एकही नाही. मत : मंजुरीस योग्य. मी ते वाचलं आणि असहमत दाबलं.

का?

हा प्रश्न मी स्वतःला इतक्या तऱ्हेनं विचारला आहे की आता उत्तरंच पाठ झाली आहेत. त्या दिवसांत शेजारच्या विभागातल्या एका अधिकाऱ्यावर आपल्याच जातवाल्यांची कामं केल्याची तक्रार झाली होती. आमच्या वरच्या मॅडम कडक होत्या, चौकशी लागली होती, सगळे एकमेकांकडे तिरकं बघत होते. माझी बढती तोंडाशी आलेली. आणि आमचे तिवारीजी — चांगला माणूस, खोव्याची जिलेबी आणली की पहिला तुकडा मला देणारा — माझ्या पडद्यात डोकावून हसत म्हणाले, “अरे वाह, ये तो आपकी ही दीदी हैं न? चलो, मराठी मंडल का काम तो आज ही हो जाएगा.” गंमत केली त्यांनी. पण मी पडदा त्यांच्या नजरेआड वळवला.

हे झालं भीतीचं उत्तर. ते मला त्यातल्या त्यात बरं वाटतं, म्हणून आधी सांगितलं. दुसरं उत्तर जास्त ओंगळ आहे. आदल्याच दिवशी कुंदाताईंचा फोन आला होता. “विनू, अर्ज टाकला बरं. मी तर सगळ्यांना सांगून राहिली, आपला विनूच आहे तिथं, मंग कशाची चिंता?” त्यांच्या आवाजात इतका भरवसा होता की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय यांचा घरगडी आहे? हिला वाटतं, अर्ज टाकला की झालं? ज्या बाईनं माझ्या सायकलमागे धावून पायांची सालटं काढून घेतली, तिच्याबद्दल मला हे वाटलं. आणि बटण दाबताना क्षणभर बरंही वाटलं. पाहा, मी कोणाचाच नाही, असं.

कारण काय लिहायचं? प्रणालीनं जिन्याचा उल्लेख केलाच होता, तोच उचलला. ‘जिना असुरक्षित, बालकांस धोका.’ ऐकून घ्यायला बोलवायचं होतं, ते बोलावलं नाही. ‘धोका तातडीचा असल्याने सुनावणीची आवश्यकता नाही’, असं लिहिलं. कायद्यात तशी पळवाट होती आणि ती मला तोंडपाठ होती. नव्या अधिकाऱ्यांना मीच शिकवतो, नाही म्हणायच्या आधी ऐकून घ्या. कुंदाताई समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या असत्या तर मला नाही म्हणताच आलं नसतं. म्हणूनच बोलावलं नाही.

इथेच थांबलो असतो तर ती एक नीच चूक झाली असती. पण माझी खरी करणी याच्या पुढची आहे.

आदेश हातात पडला त्या संध्याकाळी कुंदाताई आमच्या घरी आल्या. रिक्षातून उतरून थेट आत, चपला एक इकडे एक तिकडे. माझी बायको माधुरी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. ताईंनी कागद माझ्यापुढे धरला.

“विनू, हे पाय बरं. काहून असं आलं?”

मी चष्मा शोधला. कागद उजेडात धरला आणि माझंच वाक्य मी पहिल्यांदा वाचत असल्यासारखं सावकाश वाचलं. भुवया वर केल्या. आमच्या छापील आदेशावर सहीच्या जागी नुसता शिक्का असायचा, नाव नाही; आणि सगळ्यांत वर ‘प्रणाली द्वारा परीक्षण उपरांत’, म्हणजे प्रणालीनं तपासल्यावर, असे शब्द असायचेच, मंजूर असो की नामंजूर. त्यावर बोट ठेवून मी म्हणालो, “ताई, हे मशीननं केलं आहे. आजकाल सगळं मशीनच करतं.”

“अन् तुला विचारत नाही का ते?”

“नाही ताई.”

“म्हणजे कोणी माणसानं पाहिलंच नाही?”

“नाही.”

त्या खाली बसल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, “चलो, म्हणजे कोणी मुद्दाम नाही केलं. मला रिक्षात तेच वाटून राहिलं होतं, आपलं कोणाशी वाकडं तर नाही न म्हणून.”

त्यांना बरं वाटलं, समजलं का? माझ्या खोट्यानं त्यांना दिलासा मिळाला. मी तो मिळू दिला.

माधुरीनं विचारलं, “पण अपील असतं न याला?” असतंच. महिनाभराची मुदत होती, मॅडमपुढे जायचं, वकीलही लागत नाही. आणि अपील झालं असतं तर मॅडमनी प्रकरण उघडताच पहिल्याच पानावर प्रणालीचं हिरवं मत आणि त्याखाली माझी असहमती दिसली असती. कुंदाताईंचं पाळणाघर दोन बैठकांत परत सुरू झालं असतं. मला याबद्दल तेव्हाही शंका नव्हती.

मी म्हणालो, “अपील करून काय सांगणार? माणूस असता तर समजावता आलं असतं. मशीनशी काय वाद घालणार, ताई? उगाच हेलपाटे होतील, तुमचे गुडघे दुखतात.”

गुडघ्यांची काळजीही केली मी.

त्यांनी मान हलवली. “खरं आहे तुझं,” म्हणाल्या. माधुरीनं त्यांना जेवायला थांबवलं. त्या जेवल्या, वांग्याच्या भाजीचं कौतुक केलं. मी रिक्षा बघून दिली.

या रात्रीकडे मी पुन्हा पुन्हा का जातो? कारण बटण दाबलं तेव्हा मी त्यांचं पाळणाघर घेतलं, पण घरी बसून मी त्यांचं भांडणच हिरावून घेतलं. कोणी माणसानं नाही म्हटलं असतं तर कुंदाताई काय गप्प बसल्या असत्या? त्या महापालिकेच्या माणसाला नळासाठी धारेवर धरणाऱ्या बाई. त्या मॅडमच्या दारात जाऊन बसल्या असत्या, मला फोनवर फोन केले असते, शिव्या दिल्या असत्या. मी त्यांना रागवायला कोणी ठेवलंच नाही. भिंतीवर कोण रागावतं?

मुदत निघून गेली. पाळणाघर बंद झालं. काही आयांनी रडारड केली, एकीनं नोकरी सोडली असं ऐकलं. ती कोण, मी चौकशी केली नाही. मुलांच्या छोट्या रंगीत खुर्च्या ताईंनी आपल्या गणपती मंडळाला देऊन टाकल्या. दरवर्षी गणपतीतल्या स्पर्धांना मंडळाची माणसं त्याच खुर्च्या मांडतात. मला बढती मिळाली.

मग ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती मंडळातच. कोणीतरी विचारलं, कुंदाताईंचं असं कसं झालं हो, तुम्ही असताना? प्रश्नात टोचणी होती. मी मशीनवर घसरलो. बोलता बोलता रंग चढला, लोक हळहळले, आणि माझ्या लक्षात आलं की या गोष्टीत मी चांगला दिसतो. यंत्राच्या राज्यात हतबल झालेला भला अधिकारी. पुढे एका प्रशिक्षणात सांगितली. तिथून ती वर गेली, कोणी टिपणीत घेतली. मला समितीवर बोलावलं. एआय आणि प्रशासन यावर बोलायला माणसं हवीच होती त्या काळात, आणि माझ्याकडे जिवंत उदाहरण होतं. शेवटी आमच्या खात्यात नियम झाला — अर्जदाराला समोर बसवून ऐकल्याशिवाय कोणताही अर्ज नामंजूर करायचा नाही, पळवाट नाही, आणि आदेशाखाली अधिकाऱ्याचं नाव ठळक.

नियम चांगला आहे. बरगीच्या त्या बाईला याच नियमानं पुन्हा संधी मिळाली. ती समोर बसली, अंधाराचं कारण एका वाक्यात सांगून मोकळी झाली. बढतीनंतरच्या खुर्चीवरून मीच मंजुरी दिली. हे सांगून मी काय मिळवतो आहे? काही नाही. लिहिलं गेलं, राहू दे, पण माझ्या बाजूला मांडू नका.

मागच्या हिवाळ्यात खात्यानं या नियमावर मोठी कार्यशाळा घेतली. कोणाला तरी सुचलं, ज्या बाईंमुळे हे झालं त्यांनाच बोलवू. मला विचारलं. मी नाही म्हणायला काय कारण देणार होतो? त्यांना आणायला मीच गाडी घेऊन गेलो. हिरवी रेशमी साडी नेसून त्या फाटकात उभ्या होत्या. आत जिन्याच्या तोंडाशी ते लोखंडी फाटक तसंच होतं, वरच्या कडीसकट. वाटेत मी म्हटलं, ताई, आता नव्या नियमानं पुन्हा अर्ज टाका, मी स्वतः बघतो. त्या हसल्या.

“आता नाही रे बाबा. घुटने राहिले नाहीत. लेकरांमागं कोण धावंल? तेव्हाच होऊन गेलं असतं तर चाललं असतं अजून काही वर्षं.”

व्यासपीठावर त्या हिंदीत बोलल्या. घाबरल्या नाहीत. मुलांबद्दल बोलल्या, कोणतं मूल झोपताना कोणाची ओढणी धरायचं ते नावानिशी सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “मशीन को मैं दोष नहीं देती. उसको क्या समझता है? बस इतना है कि वहाँ कोई आदमी बैठा होता, तो मेरी बात सुन लेता. और हमारा विनू बैठा होता, तो क्या मना करता?” आणि पहिल्या रांगेतल्या माझ्याकडे बोट केलं. सगळं सभागृह माझ्याकडे वळून कौतुकानं हसलं. टाळ्या झाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही टाळ्या वाजवल्या.

परतताना त्या गाडीत म्हणाल्या, “तू माझ्यासाठी लढलास, विनू. तुझी आई असती तर तिला किती बरं वाटलं असतं.” मी गिअर बदलला. विजय नगरच्या वळणापर्यंत बोलायला वेळ होता. सिग्नलही लाल मिळाला. मी रेडिओ लावला.

ती प्रणाली आता बंद झाली आहे. लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून काढली. कारणांमध्ये कुंदाताईंचं प्रकरणही होतं. तिनं इतरांचं वाईट केलं असेल, केलंच. कुंदाताईंना मात्र तिनं हो म्हटलं होतं. नाही मी म्हटलं.

ताई तिथेच राहतात, विजय नगरला. येत्या रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आहे, मुक्ता येणार आहे म्हणून. मी जाणार आहे. त्यांना यातलं काहीही माहीत नाही. त्यांच्याआधी मी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही.